मागच्या माणसाचं पाणी

बावीस वर्षं मी पोरांना फळ्यावर एकच चित्र काढून दाखवत आलो. खाली काळी पेटी, वर टाकी, दोघींना जोडणाऱ्या दोन नळ्या आणि नळ्यांत बाण. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड पाणी जड म्हणून खाली येतं, पंप नको, वीज नको. समजलं? समजलं, सर. इतक्या वर्षांत एकाही पोरानं विचारलं नाही की सर, तुमच्या घरी आहे का असलं काही? विचारलं असतं तर पंचाईत होती, कारण आमच्या घरी गिझर होता.

तो दिवाळीनंतर जळाला. सिल्वासातलं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यानं आतली कॉइल खाऊन टाकली. बायको म्हणाली, नवा आणा. मी म्हणालो, आणायचा कशाला, मी करतो की सोलर. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान. करा बघू." झालं. मला असं कोणी म्हटलं की मग ब्रह्मदेव आला तरी मी मागे हटत नाही. हा गुण नव्हे, खोड आहे, आणि तिच्यापायी मी अनेकदा तोंडावर आपटलो आहे.

पण खरं कारण वेगळं होतं. ते म्हणजे माझे वडील.

आई गेल्यावर बाबा वर्षभर रत्नागिरीकडे गावी एकटेच राहिले. पावसाळ्यात एकदा अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरले आणि शेजारी येईपर्यंत तासभर तिथंच भिजत पडून होते. ते ऐकल्यावर मी गेलो आणि त्यांना जवळजवळ उचलूनच सिल्वासात, डोकमर्डीला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, पण उभ्या जन्मात घरात सगळ्यांच्या आधी उठलेला. न्हाणीतली चूल पेटवायची, हंडा तापवायचा, हे त्यांचं काम. इथं ते साडेपाचला उठत, आणि मग करण्यासारखं काहीच नसे. गिझर जळाल्यावर बायको बादलीत विजेचा रॉड टाकून पाणी तापवायची. बाबांना त्या रॉडचा एकदा झटका बसला होता, त्यामुळे ते त्याच्या वाऱ्याला उभे राहत नसत. गॅसवर तापवायचं तर सुनेची झोप मोडेल. म्हणून ऐन थंडीत मुकाट्यानं गार पाण्यानं अंघोळ करत आणि दिवसभर खोकत. विचारलं की एकच उत्तर, "शिमग्याला गावी जातो तो तिकडेच राहतो. इथं माझं काय काम हाय?"

शिमगा मार्चमध्ये. तेव्हा डिसेंबर चालू होता. मला वाटलं, निदान त्यांना मनासारखं गरम पाणी तरी मिळू दे. एवढ्यानं माणूस राहील असं मी धरून चाललो नव्हतो, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

पेटी नरोलीच्या एका वेल्डरनं करून दिली. मूळचा धुळ्याकडचा, गेली दहा वर्षं इथल्या कारखान्यांची कामं करणारा. मी त्याला कागदावर माझं बावीस वर्षांचं चित्र काढून दिलं. त्यानं ते उलटसुलट फिरवून पाहिलं आणि रद्दी पत्र्यातून सुबक पेटी ठोकली. आत काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर तारेनं घट्ट बांधलेल्या तांब्याच्या नळ्या, वर जुन्या खिडकीची काच. गच्चीवर आणून उभी केली तेव्हा म्हणाला, "मास्तर, डबा बराबर शे. आता तुमनं गणित तपासा."

टाकीसाठी सहा बादल्या पाणी मावेल असा झाकणाचा स्टीलचा पिंप घेतला आणि तो पेटीपेक्षा उंच, लोखंडी घोडीवर चढवला. त्याच्या तळातून एक नळी खाली आमच्या न्हाणीघरात, आणि भरण्यासाठी बिल्डिंगच्या मोठ्या टाकीवरून एक कॉक. प्रश्न होता तो रात्रभर ऊब टिकवण्याचा. पाणी तापणार दुपारी आणि आमच्या अंघोळी पहाटे. मी थर्माकोल आणायला निघालो, तर बाबा पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले, "तूस भर की. आंब्याची आढी त्यात गरम राहते, तर पाणी का नाय राहणार?"

रविवारी आम्ही बापलेक बसनं खानवेलला गेलो. तिथल्या भाताच्या गिरणीमागे साळीचं टरफल, म्हणजे तूस, ढिगानं पडलेलं असतं. बाबांनी मूठभर उचलून नाकाशी धरलं, गिरणीवाल्याला भाताची जात विचारली, मग पेरणी विचारली, मग पाऊस विचारला. तो वारली मिसळलेल्या गुजरातीत सांगत होता आणि हे आपल्या कोकणीत माना डोलावत होते. मी दोन पोती घेऊन बसच्या काळजीनं उभा. इतके खूश मी त्यांना सिल्वासाला आल्यापासून पाहिले नव्हते. पिंपाभोवती प्लायची चौकट करून त्यात तूस त्यांनीच दाबून भरलं, मला हात लावू दिला नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर बुडवला. बावन्न अंश. मी जिना उतरताना अक्षरशः गात होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांची अंघोळ झाली. "कसं होतं?" मी पांघरुणातूनच विचारलं. "कढत होतं. झकास." साडेसहाला बायको न्हाणीघरात गेली आणि आतून आवाज आला, "अहो, सूर्यनारायण रजेवर आहेत का?" मी हात घातला. पाण्याची नुसती थंडी मोडलेली.

मग पुढचे तीन आठवडे मी त्या पिंपाच्या मागे वेडा झालो. नळ्यांना गोणपाट गुंडाळलं. काचेच्या कडा लांबी भरून बुजवल्या. घोडी आणखी वीतभर उंच केली, न जाणो, रात्री पाणी उलटं फिरून पेटीत थंड होत असेल म्हणून. संध्याकाळी रोज पन्नासच्या वर, आणि सकाळी आमच्या वाट्याला कोमट. बायकोनं गुपचूप रॉड पुन्हा बाहेर काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि बाबा मात्र रोज न चुकता, "कढत होतं. झकास."

त्यांचं ते झकास मला टोचायला लागलं. या माणसानं मला लहानपणी कशालाच झकास म्हटलं नव्हतं. दहावीला तालुक्यात पहिला आलो तेव्हा "बरं" म्हणाले होते. आता म्हातारपणी पोराचा हिरमोड नको म्हणून थाप मारतायत, असं माझ्या डोक्यानं घेतलं. एका सकाळी अंगावर कोमट पाणी घेऊन कुडकुडत बाहेर आलो आणि तेच ऐकलं, तेव्हा माझा तोल गेला.

"बाबा, माझी समजूत घालू नका. मी काही कुक्कुलं बाळ नाही. गार होतं तर गार म्हणा, खोटं कशाला बोलता?"

"मी खोटं बोलतो?" एवढंच म्हणाले. संध्याकाळी सुनेला म्हणाले, "त्याला सांग, शिमग्याचं तिकीट काढ. वापीवरून जायचंच. यायचं नको."

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. बापाला खोटारडा म्हणालो याची लाज वाटत होती, आणि तरी मन म्हणत होतं की बोललेच ना खोटं. शेवटी ठरवलं, साडेपाचच्या पाण्यातच थर्मामीटर घालून बघू. पण उठेपर्यंत सहा वाजत आले. बाबा अंघोळ उरकून नेहमीसारखे गच्चीवर फेऱ्या मारायला गेले होते. मीही थर्मामीटर घेऊन वर गेलो.

ते फेऱ्या मारत नव्हते. पिंपाचं झाकण काढून खाली ठेवलं होतं, आणि बिल्डिंगच्या मोठ्या टाकीच्या नळाखालून भरलेली बादली दोन्ही हातांनी पिंपाच्या काठापर्यंत उचलून ते आत ओतत होते. ओतून झाल्यावर दुसरी आणायला वळले आणि मी दिसलो.

"काय करताय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? दोन बादल्या घेतल्या, दोन घालतो. मागच्या माणसाला पाणी नको?"

मी तिथं टाकीच्या कट्ट्यावर बसलो. आमच्या गावी न्हाणीतल्या हंड्याची हीच रीत. जितकं कढत पाणी काढशील तितकं गार पाणी हंड्यात घाल, मगच बाहेर ये. न घालता आलेल्या पोराला आई उघड्या अंगानं परत पाठवायची. मी स्वतः पंधरा वर्षं असंच पाणी घातलं आहे. पण त्या हंड्याखाली निखारे असत. इथं सूर्य उगवायचाच होता, आणि पेटीवर ऊन यायला नऊ वाजत. सहा बादल्यांतल्या दोन काढून दोन गार ओतल्या, गार पाणी जड म्हणून तळाशी, आमची नळीही तळातूनच, वर झाकण पाचदहा मिनिटं उघडं, की बाकीच्यांना कोमटच मिळणार. आणि मी विज्ञानाचा मास्तर! रोज आठ वाजता कॉक सोडून पिंप भरताना आत किती पाणी उरलं आहे, हे एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं.

मी त्यांना ते समजावून सांगितलं. त्यांनी पिंपाखाली वाकून पाहिलं, जणू तिथं चूल आहे की नाही याची खात्री करत होते.

"म्हणजे तीन आठवडे तुमचं पाणी मीच गार केलं?"

"आणि मी तुम्हाला खोटारडा म्हणालो," मी म्हणालो. "चुकलं माझं, बाबा."

"तू लहानपणापासून तापटच," ते म्हणाले. मग त्यांना हसू आलं, हसता हसता खोकला आला, आणि मी त्यांची पाठ चोळत राहिलो. किती वर्षांनी त्यांच्या पाठीला हात लावला होता, देव जाणे.

तेव्हापासून पिंप भरायचं काम त्यांचं झालं. मी शाळेला गेल्यावर नऊ वाजता ते वर जातात, ऊन काचेवर आलं की कॉक सोडतात, काच पुसतात. बायकोनं रॉड माळ्यावर टाकला. संध्याकाळी ते मला अंश सांगतात, थर्मामीटर आता त्यांच्याच उशाला असतो आणि शाळेच्या प्रयोगशाळेसाठी मला दुसरा आणावा लागला.

पण तिकिटाचा विषय मी काढत नव्हतो. फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनीच काढला. मी मोबाइल घेऊन समोर बसलो.

"जायचं काढ," ते म्हणाले. मी तारीख टाकली. मग म्हणाले, "आणि यायचंपण काढ. तुझी आई गेल्यापासून गावी रोज हंडा तापवायचो, दोन बादल्या घ्यायचो, दोन घालायचो. मागं न्हाणारं कोण नाय रे."

मी दोन्ही तिकिटं काढली, आणि आधी परतीचं काढलं.