मेहरूणच्या तळ्यातला डॉल्फिन

समुद्र न पाहता समुद्राबद्दल अधिकारवाणीने बोलणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण ज्यांच्या शब्दावर विसंबून बायकापोरांसकट माणसं खरोखर बोटीत जाऊन बसतात, असे आमच्या शेजारचे आबा एकटेच. जळगावातून मालवणला डॉल्फिन बघायला जायचं आणि आबांना न विचारता जायचं, म्हणजे लग्न ठरवून मुलीच्या बापाला न कळवण्यासारखं आहे. मेहरूणच्या आमच्या कॉलनीत रिझर्व्हेशन नंतर होतं, आबा आधी होतात. बरं, विचारायला गेलेल्या माणसाला पाणी, चहा आणि शेव देऊन झाली की आबा पहिला प्रश्न टाकतात, "पोहता येतं?" माणूस ‘हो’ म्हणाला तर आबा खिन्न होतात. "मग तुम्ही ऐकणार नाही. पोहता येणारा माणूसच बुडतो. ज्याला येत नाही तो काठाला धरून बसतो."

हे ज्ञान त्यांनी कमावलं कुठून, तर आलेल्या-गेलेल्यांना धरून. कोणी मालवणहून परतला की सामान उतरवायच्या आत आबा त्याच्या दारात उभे. बोट किती वाजता सुटली, वारा कुठून होता, उलटी कोणाला झाली, उलटीच्या आधी त्याने काय खाल्लं होतं. एका नवविवाहित जोडप्याची त्यांनी अशी उलटतपासणी घेतली की नवरी रडायला लागली. पण कबूल करायला हवं, की त्यातून निघालेला सल्ला चोख असायचा. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की वारा सुटतो. बोटीत बसण्याआधी वडे खाऊ नका. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नाही, बसण्याच्या अर्धा तास आधी घ्या. बोटवाल्याला जवळ ने, जवळ ने म्हणून छळू नका, जनावर घाबरून जातं. पावसाळ्यात जाऊच नका, बोटी बंद असतात. इथपर्यंत आबांसारखा शहाणा माणूस नाही. गडबड पुढे सुरू होते.

आबांची सगळी हयात वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात सुरक्षेच्या कामावर गेली. तिथे भोंगा वाजला की कोणी कुठे पळायचं याची रंगीत तालीम असे, आणि तालमीशिवाय माणूस जिवंत राहूच शकत नाही ही त्यांची श्रद्धा निवृत्तीनंतर जास्तच बळावली. त्यामुळे नुसता सल्ला ऐकून कोणाची सुटका होत नाही. मालवणला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आबा संध्याकाळी मेहरूणच्या तळ्यावर नेतात, काठाच्या कठड्यावर ओळीने बसवतात आणि ‘ही बोट’ असं जाहीर करतात. समोर पाण्यात गवळ्याच्या म्हशी डुंबत असतात. त्या म्हशी म्हणजे डॉल्फिन. म्हैस पाण्याखाली गेली की सर्वांनी श्वास रोखून वाट पाहायची, आणि पाठ वर आली की दिशा घड्याळावर सांगायची. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. "काळं दिखनं का वरडानं नही, बोट दखाडानं नही!" आबा बजावतात. शिंदखेड्याकडचा हा माणूस एरवी आमच्यासारखंच बोलतो, पण जोर आला की गावची बोली आपोआप बाहेर पडते. मग बँकेतले साहेब, त्यांची मिसेस आणि सासूबाई कठड्यावरून शिस्तीत म्हणतात, "अकरा वाजता म्हैस." फिरायला आलेले लोक थांबून बघतात. एकदा गवळीच भांडायला आला. "रोज रोज माझ्या म्हशींकडे टक लावून काय बसता? नजर लागून दूध आटलं!" आबांनी शांतपणे चूक मान्य केली, आपल्या बायकोला, अक्कांना, बोलावून घेतलं आणि म्हशींची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढवली. दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरळीत चालू.

पुढची पायरी लाइफ जाकिटाची. बोटवाल्यांच्या जाकिटांवर आबांचा विश्वास नाही. ती कोणी कोणी घातलेली असतात, आणि आत काय भरलंय ते कळत नाही. म्हणून गल्लीतल्या गादीवाल्या चाचांकडून त्यांनी खास जाकीट शिवून घेतलं. आत चांगला आपल्या रानातला कापूस, वरून जाड खादी, आणि गादीला घालतात तसे टाके. चाचा शिवता शिवता म्हणाले, "आबा, पानी में ये नहीं चलेगा. कपास पानी पीता है." आबा म्हणाले, "म्हणून तर! पाणी तो पिईल, मग आपल्याला प्यावं लागणार नाही." या युक्तिवादावर चाचांनी सुई खाली ठेवली आणि आबांकडे बराच वेळ पाहिलं. ते जाकीट घालून मेच्या उकाड्यात कठड्यावर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. समुद्रात काय व्हायचं ते होवो, मेहरूणच्या काठावर ती वाचली हेच नवल.

पण आबांचा सर्वांत कडक नियम वेगळाच. लहानपणी ते एका लग्नाच्या बैलगाडीतून नदी ओलांडत होते. पाण्यातून साप चालला, आणि वऱ्हाड सगळं एका बाजूला वाकलं. गाडी कलंडली. माणसं वाचली, पण नवरीच्या रुखवतातले लाडू नदीत गेले, आणि त्याचं दुःख आबांच्या आवाजात अजून आहे. तेव्हापासून गर्दी ज्या बाजूला धावेल त्याच्या उलट बाजूला बसायचं, हा त्यांचा धर्म. एसटीत खिडकीबाहेर अपघात झाला नि सगळे डावीकडे झुकले, तर आबा उजवीकडच्या बाकावर ताठ. लग्नात सगळे जेवणाकडे गेले की आबा रिकाम्या मांडवात एकटे, भार सांभाळत. "बोटीत तर हे विसरायचंच नाही," ते सांगत, "डॉल्फिन निघाली की बठ्ठा, सगळे, तिकडे पळतस. कोणीतरी इकडे बसलं पाहिजे."

या सगळ्यात आबांखेरीज आणखी एकच माणूस मालवणला जायचं राहिलं होतं, आणि ते म्हणजे अक्का. त्यांना कोणीतरी मोबाईलवर डॉल्फिन दाखवला होता. एवढं मोठं जनावर, आणि तोंडाकडे पाहावं तर हसतंय, हे त्यांच्या मनातून जाईना. दर हिवाळ्यात त्या आबांना म्हणायच्या, "बठ्ठा गाव जाई उना, आपुनच राहिनूत." दर हिवाळ्यात आबा म्हणायचे, "तयारी पुरी व्हऊ दे." या वर्षी मात्र अक्का माझ्यासमोर म्हणाल्या, "आते गुडघा चालतस, पुढला सालनं कोन सांगे?" आबा उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो तर फाटकाला धरून उभे. म्हणाले, "एवढी माणसं पाठवली मी. सगळ्यांना दिसली. मी तिला घेऊन गेलो आणि तिलाच नाही दिसली, तर कोणत्या तोंडानं परत येऊ?" त्या क्षणी मला या माणसाबद्दल फार माया वाटली. मी म्हटलं, आमची गाडी आहे, चौघं जाऊ.

प्रवासाचं वर्णन करत नाही. डिकीत वांगी होती, आणि ती भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा होता, कारण दुसऱ्या कशावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आबा खात नाहीत. नाक्यावर पोलिसांनी अडवून विचारलं, "हे काय?" आबा म्हणाले, "स्वयंपाक." पोलिसाने भाऱ्याकडे पाहिलं, जाकिटाकडे पाहिलं, आणि हाताने ‘जा’ म्हटलं. मालवणच्या बाजारातून आबा सकाळी ते कापसाचं जाकीट घालूनच चालले. धक्क्यावर बोटवाल्याने ते दाबून पाहिलं. "आजोबा, ही गादी घालून पाण्यात पडलात तर थेट तळाक." त्याने आपलं नारिंगी जाकीट आबांच्या अंगावर चढवलं. आबांनी ते मुकाट्याने घातलं आणि कापसाचं मांडीवर घेऊन बसले. चेहरा उतरला होता. समुद्राकडे ते पुन्हा पुन्हा पाहत होते. मेहरूणच्या तळ्याला पलीकडचा काठ आहे. इथे तो नव्हता, आणि याबद्दल त्यांना कोणी कल्पना दिली नव्हती.

बोट पुष्कळ फिरली. काही दिसेना. ऊन चढलं, वारा सुटला, बोटवाला घड्याळ पाहू लागला. अक्का पदर डोक्यावर घट्ट धरून पाण्याकडे बघत होत्या आणि आबा अक्कांकडे. आणि एकदम पलीकडच्या बाजूने कोणीतरी ओरडलं. बोटीतले सगळे तिकडे धावले, माझी बायको धावली, मी धावलो. बोट कलली. आबा मात्र अक्कांचा हात गच्च धरून उलट्या बाजूला रोवून बसले, आमच्याकडे पाठ करून. सगळ्यांचा जीव त्या क्षणी आपल्या बुडाखाली आहे, असा त्यांचा पवित्रा होता.

आमच्या बाजूला, अगदी जवळ, डॉल्फिनांचा कळप चालला होता. एक पिल्लू आईला लागून होतं. एकाने तर पाण्याबाहेर अख्खी उडी मारली. मी अक्कांना हाक मारायला वळलो, तेवढ्यात आबांचा आवाज आला, "ती देख! उनी, उनी! नऊ वाजता!" कोळ्यांनी जाळ्याला बांधलेला काळा डबा लाटेवर खालीवर होत होता. वर आला, बुडाला, वर आला. आबा नियम विसरून ओरडत होते, बोट दाखवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अक्कांनी त्या डब्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "दिखनी हो. म्हैसनी मायेकच शे." म्हणजे अगदी म्हशीसारखीच. आबांनी छाती भरून श्वास घेतला. बोटवाला काही बोलायला गेला, मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

संध्याकाळी किनाऱ्यावर पऱ्हाट्या पेटल्या आणि आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकिणीसकट सगळ्या आळीने खानदेशी भरीत खाल्लं. तिखटाने सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. आबांनी जळगावला येईपर्यंत गाडीत गाणी म्हटली.

तेव्हापासून आबांच्या सल्ल्याला धार चढली आहे. आता ते ‘ऐकलंय’ म्हणत नाहीत, ‘पाहिलंय’ म्हणतात. डॉल्फिन काळी असते, गोल असते आणि फार चपळ नसते, हे ते ठामपणे सांगतात. लोक परत येऊन काही वेगळं बोलले तर ती दुसरी जात म्हणतात. मी गप्प असतो. माझ्या बायकोला मी गप्प बसवलं आहे.

परवा संध्याकाळी तळ्यावर कोणा कुटुंबाची तालीम चालली होती. अक्का आणि मी कठड्याच्या टोकाला शेंगा खात बसलो होतो. अक्का शेंग सोलता सोलता हळूच म्हणाल्या, "तिकडली बाजूले खूप व्हतात ना रे?"

मी टरफलं गोळा करू लागलो.

"आरडाओरडा मालेबी आयकू उना व्हता," त्या म्हणाल्या. "पन मी तिकडे देखती, ते तुना आबा एकलाच पडी जातात ना." मग थोडं जवळ सरकून, लहान मुलीने विचारावं तसं विचारलं, "खरंच हासस का रे तो?"

"हो अक्का," मी म्हटलं. "हसत होता."

त्या मान हलवत राहिल्या. हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. तेवढ्यात पलीकडून आबांची हाक आली, "अकरा वाजता!" अक्कांनी पदर सारखा केला, आणि गवळ्याची म्हैस पाण्यातून वर येत होती तिकडे त्या बघू लागल्या.