तलासरीच्या पुढचा रस्ता

भर उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं दार उघडावं आणि पिकल्या चिकूंचा गोड, जडसर वास एकदम अंगावर यावा, याहून गोड आमंत्रण मला ठाऊक नाही. परवा तसंच झालं. मागच्या सीटवर एक खोकं मी विसरले होते. कुणा शहाण्या माणसाला आधी सीटची काळजी वाटली असती. मला मात्र वाटलं, चला बडोद्याला!

आमची वाडी कोसबाडच्या टेकडीखाली आणि आत्या बडोद्याला. दर उन्हाळ्यात बाबा गाडी काढत, आणि आठवडाभर आधीपासून तयारी चाले ती चिकूंची. कपड्यांचं काय, ते आई आदल्या दिवशी कोंबे. चिकू झाडावरून कडकच उतरवायचा असतो. मग चार-पाच दिवसांत तो आपल्या मर्जीनं पिकतो. बाबांचा हट्ट असा, की आत्यानं खोकं उघडावं आणि नेमका त्याच सकाळी तो पिकलेला असावा. त्यासाठी फळ कुठल्या दिवशी उतरवायचं याचा ते इतका खल करत, की लग्नाचा मुहूर्त काढणारे भटजी परवडले. “तिकडे काय चिकू मिळत नाहीत?” असं आई दरवर्षी विचारी. “आपले नाही मिळत,” असं बाबा दरवर्षी सांगत. वाटेत नवसारीला रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिकूंचे ढीग लागत, तेव्हा ते मुद्दाम समोर बघत.

एका वर्षी आम्हा भावंडांना आडवं होता यावं म्हणून आईनं त्या खोक्यांवर दुहेरी गोधडी अंथरली. ऊब दिली की चिकू लवकर पिकतो, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण पिढ्यान्‌पिढ्या चिकूवर जगणाऱ्या आमच्या घरात ते त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नाही. भरूचच्या अलीकडे मला खालून ओलं लागलं. बाबांनी गोधडी उचलली आणि कपाळाला हात लावला. मग एका निंबाखाली आमची जत्राच भरली. आम्ही कोपरापर्यंत चिकट झालो, आणि आई थांबलेल्या ट्रकवाल्यांना “ल्यो भाई, खाव ने!” म्हणत चिकू वाटत सुटली. आत्यानं दारातच विचारलं, “काय रे, यंदा रिकाम्या हातानं?” बाबांनी आम्हाला पुढे ढकललं. “आणलेत की. पोटात भरून आणलेत.”

गाडी बाबा चालवत आणि डावीकडे बसून आई ती थांबवत असे. नसलेला ब्रेक ती पायानं इतका दाबी, की प्रवासानंतर तिची पोटरी दुखे. “अहो, म्हैस!” “दिसली.” “अहो, सायकल!” “दिसली गं बाई.” या तालावर आम्ही अर्धा गुजरात पार करत असू.

पुढे मीही गाडी शिकले, बाबांकडूनच. पण त्यांचा एक कायदा होता. वाडीपासून तलासरीपर्यंत, भातशेतांच्या आणि ताडांच्या मधून, गाडी माझी. तलासरीला हायवे आला की, “उतर.” मी लग्न होऊन मुंबईला गेले, तिथल्या रहदारीत रोज गाडी हाकू लागले, तरी कायदा तोच. मला राग यायचा, चांगला सणसणीत यायचा. वाटायचं, एकदा, फक्त एकदा बाबांना शेजारी बसवून बडोद्यापर्यंत गाडी न्यावी. शाबासकी नको. नुसतं गप्प बसावं त्यांनी.

यंदा जानेवारीत आम्ही डहाणूच्या बाजारातून परत येत होतो. बाबा चालवत होते, मी मागे. “अहो, म्हैस!” आई म्हणाली. बाबा म्हणाले, “कुठंय?”

म्हैस वाचली, आम्हीही वाचलो. पण घर येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही, आणि आमच्याकडे ही फार मोठी बातमी. आता कुणीतरी बाबांना सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. माझी जीभ काही उचलेना. जिच्यासाठी वीस वर्षं कुरकुरले, ती जागा मला अशी नको होती.

एप्रिलमध्ये बडोद्याला निघालो. तलासरीला मी सवयीनं गाडी कडेला घेतली, उतरले आणि बाबांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ते हलेनात.

“काय गं?”

“तुम्ही बसताय ना?”

त्यांनी समोरून धडधडत जाणारे ट्रक पाहिले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला.

“बस आत. ऊन वाढतंय.”

मी बसले. भिलाड गेलं, वापी गेलं. “आरसा बघ”, “गिअर बदल” असं काहीतरी येणार म्हणून मी कान टवकारून होते. बाजूनं हूं की चूं नाही. रागावले असणार, असं वाटलं. शेवटी मान वळवून हळूच पाहिलं.

बाबा झोपले होते. तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. आई मागून कुजबुजली, “बघ गं, घोरतायत.” आम्ही भावंडं गाडीत कायम गाढ झोपत आलो, बाबांना मात्र चालत्या गाडीत झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांची त्यांची झोप राहिली असेल, आणि ती माझ्या भरवशावर लागली होती. मी वेग थोडा कमी केला. बडोदा कुठे पळून जात नव्हतं.