सावलीतला वाफा

शाळेत तीस वर्षं घंटा दिली म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना घंटाकाकाच म्हणत. घड्याळाबरहुकूम जगलेला माणूस. मागच्या अंगणातल्या दोन वाफ्यांनाही पाणी ठरल्या वेळी. खरं तर एकालाच. भिंतीलगतच्या, सावलीतल्या वाफ्यावर त्यांचा भारी जीव. त्यासाठी चिकणमाती आणली, वर पाला अंथरला, ओल कधी सुकू दिली नाही. उन्हातला दुसरा वाफा रेताड, आपला नावाला. पालक मात्र दोन्हीकडे लावला होता आणि गोठ्यातलं ताजं शेणही दोन्हीकडे एकाच दिवशी घातलं होतं.

सावलीतला कोवळा पालक त्यांनी कच्चाच चिरून थोरल्या बहिणीला वाढला, आणि ताईंनी अंथरूण धरलं. जुलाबांनी पार गळून गेल्या. दवाखान्यातून आरोग्य खात्याला कळलं. तिथल्या तपासनीस बाई दोन पिशव्या भरून माती घेऊन गेल्या.

आठवड्याने त्या परत आल्या. "काका, उन्हातली माती स्वच्छ आहे. जंतू सापडले ते सावलीतल्या वाफ्यात."

"पिशव्यांची अदलाबदल झाली असेल बाई. तो तर माझा लाडका वाफा!"

"म्हणूनच. जंतू शेणातून आले, दोन्हीकडे सारखेच. रेताड माती तापली, सुकली, तिथे ते मेले. इथे त्यांना गारवा मिळाला, ओल मिळाली, चिकणमातीत लपायला जागा मिळाली."

"म्हणजे मी जंतू पाळले?"

"तसं नाही हो. शेण नीट कुजवून घातलं असतं, तर हीच माती छान होती. चांगल्या मातीतले इतर जीव या जंतूंना हळूहळू संपवतातही."

काका चक्रावले. मघाशी माती जंतू जगवते म्हणाल्या, आता संपवते म्हणतात! ती नेमकी कोणाच्या बाजूची?

ताई बऱ्या झाल्या. काकांनी पालक उपटला, पाला काढला, ऊन अडवणाऱ्या फांद्या छाटल्या, माती खालीवर केली आणि पाणी तोडलं. चार महिन्यांनी तपासणीत एकही जंतू निघाला नाही.

"आता लावा खुशाल," बाई म्हणाल्या.

पण काकांचा हात पुढे होईना. भेगाळलेली माती बघवायची नाही आणि पाणी घालायला जावं तर वाटायचं, आपण हे पाजतोय तरी कोणाला?

"अरे, किती घोळ घालशील?" ताई वैतागल्या. "लाव, आपण शिजवून खाऊ!"

काकांनी मान डोलावली. पण पाणी किती घालायचं, ते काही कोणी सांगितलं नव्हतं.