यात्रेसाठी कोरे ठेवलेले बूट

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून तुमच्याशी बोलते.

शनिवारी आम्ही दोघं स्पेनला निघतोय. सँतियागोच्या यात्रेची वाट, पाच दिवस पायी, पुढे भाड्याच्या सायकलींवर. तीन महिने इथे आमच्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीतल्या तळ्याभोवती पहाटे उठून चालण्याचा सराव केला. मी बूट घालून, आमचे हे जुन्या सँडलमध्ये. यांचे नवे बूट कपाटात, पिशवीत गुंडाळलेले. म्हणे, "यात्रेला कोरेच हवेत गं!"

आज सकाळी ते पहिल्यांदा घातले. तळ्याची दुसरी फेरी होईपर्यंत दोन्ही टाचांना हे एवढाले फोड!

"अहो, बूट आहेत की लग्नाचा शालू?"

"हळू बोल, लोक बघतायत."

घरी नात म्हणाली, "आजोबा, सीरियसली?"

मग हे हळूच म्हणतात, "तू चाल, मी पहिल्यापासून सायकल घेतो. पुढे जाऊन थांबतो."

म्हटलं, एकटीनेच चालायचं तर स्पेन कशाला? खलास, सँडल घाला आणि माझ्याबरोबर चला.

आत्ता बॅग भरताना बघते, तर बूटही आत!

"आता हे कशाला?"

"पोचल्यावर फोटोला."

खरं सांगा, सँडल घालून पाच दिवस कुणी चाललंय का हो?