उलामी मुलखाला वाहिलेलं कुंकू

पिंपळगाव रेणुकाईच्या साधनाने नऊ वर्षांत एक अख्खा मुलूख वसवला आणि घरात कुणाला सुगावा लागू दिला नाही. मुलखाचं नाव उलामी. तिथली घरं चालती. मनाला येईल तिकडे निघायची, म्हणून बायका त्यांना दोरीने बांधून ठेवत. नदी दुपारपर्यंत डोंगर चढायची आणि दमली की उतरायची. तिथली भाषा साधनानेच केलेली, लिपीही तिचीच. वेटोळी, ठिपके, मध्येच जिलबीसारखं एखादं अक्षर. ‘तोबिल’ म्हणजे आपल्याच घराचा वास. असे हजारभर शब्द! दुपारची भांडी आवरली की बाई उलामीत जायची आणि चहाच्या वेळेला परत यायची.

हे सगळं एका लाल वहीत. तसल्याच दुसऱ्या लाल वहीत ती रोज दोन पानं रामनाम लिही, त्यात कधी खंड नाही. रामनवमीला गावातल्या बायकांच्या जपाच्या वह्या देवळात गोळा होत आणि भजनी मंडळाच्या कांताबाई त्यांचा गठ्ठा बांधून जीपने रामदास स्वामींच्या जन्मगावी, जांब समर्थला नेत.

यंदा सासूबाईंनी, चतुराबाईंनी, घाई केली. “जल्दी कर बाई, जीप निघून राह्यली!” म्हणत फळीवरची वही त्यांनीच उचलली आणि गेल्या. सुंठवड्याचे हात धुऊन साधना फळीपाशी आली, तर रामनामाची वही तिथेच. उलामी गेला होता! आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

ती तशीच देवळाकडे पळाली. म्हटलं, गुपचूप बदलून घेऊ. पाहते तर काय, तिची वही चौरंगावर उघडी, झेंडूच्या फुलांत बुडालेली, आणि पुढे बायकांची रांग.

“मोडी हाय ही, जुन्या काळातली!” कांताबाई सांगत होत्या. “गठ्ठ्यात कुठून आली, देवालाच ठाऊक.”

“बॉलपेनानं लिव्हलीय की वो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“नक्कल केली आसंल कुणी. तू कुंकू वहा!”

सगळ्यात पुढे चतुराबाई, मूठ भरून कुंकू वाहत होत्या. साधनाने वाकून पान पाहिलं. ते पान उलामीतल्या शिव्यांचं होतं.

गप्प राहिलं तर वही गठ्ठ्यातून जांबला जाणार. बोललं तर गावभर हसं. पण समोर प्रत्यक्ष राम उभा, आणि त्याच्या डोळ्यांदेखत शिव्यांना हळदकुंकू? तिने हात जोडले.

“कांताकाकू, थांबा. ती मोडी न्हाई. ती भाषा म्या केलीय. आन हे पान... शिव्यांचं हाय.”

चतुराबाईंची मूठ हवेतच थांबली. “कसल्या शिव्या?”

“घर पळून गेलं की त्याला द्यायच्या, आत्याबाई.”

चतुराबाईंनी वही काखेत मारली, सुनेचं मनगट धरलं आणि तिला बाहेर ओट्यावर आणलं. मागोमाग सगळ्या बायका.

“हितं देव न्हाई. दे बरं एक.”

साधनाने पदर खोचला. “खोंबिरा लुतुल झापा!”

“म्हंजे?”

“तुझ्या उंबऱ्यात मांजरसुद्धा बसणार न्हाई.”

आधी कांताबाईंना हसू फुटलं. “आगं बया, मी पाचही बोटांनी वाह्यलं की शिव्यांना!” मग ओट्यावर हशाचा असा लोट उठला की जीपवाला हॉर्न विसरून बघत राहिला. चतुराबाई हसता हसता खालीच बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, “किती वर्सं चाल्लंय हे?”

“नऊ.”

“आन मला आज कळून राह्यलं?” आवाजात राग कमी, रुसवा जास्त. “तिथं सासूला काय म्हणत्यात?”

साधनाची मान खाली. “सासूच न्हाई तिथं.”

“बरं हाय की! मंग आत्ता कर सबूद. बिलकुल गोड पायजे, न्हाईतर वही देत न्हाई.”

साधनाने डोळे मिटले, क्षणभर ओठ हलवले. “ओरानू. जिला बघून नदी दमतच न्हाई, डोंगर चढतच ऱ्हाती, ती.”

“ओरानू,” चतुराबाईंनी म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा जरा ठसक्यात. मग वही सुनेच्या हातात कोंबली, उठल्या आणि जीपवाल्याला दम दिला, “ए, आजपसून मला चतुराबाई म्हणायचं न्हाई. ओरानू म्हण!”