चादरी मागवल्या आणि लग्न ठरलं

आमच्या रेवतीचं लग्न मी कसं जमवलं, असं बायका मला अजून विचारतात. खरं सांगायचं तर माझीच अब्रू जाते. पण चहा ठेवलाय, दुपार आहे, बसलोच आहोत, तर ऐका. मी लग्नबिग्न काही जमवलं नव्हतं. मी फक्त चादरी मागवल्या होत्या.

रेवती सांगलीला एका लॅबमध्ये नोकरीला लागली आणि मैत्रिणींबरोबर तिकडंच राहायला गेली. आमचे हे फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सकाळी भाकरी खाऊन उसाकडं गेले की दिवस मावळायलाच परत. आष्ट्यातल्या आमच्या घरात मागं उरायची मी आणि दुपार. आमच्याकडच्या दुपारीला आवाज नसतो हो. उसाची पानं तेवढी सळसळतात, आणि डोळे उघडे ठेवूनही माणूस झोपेत चालल्यासारखा होतो.

त्या गुंगीत मी मोबाईलवर वस्तू बघायला लागले. निळी चाकांची बॅग दिसली की मी बर्फात. उंच झाडांखालून बॅग ओढत चाललेय, खांद्यावर शाल, मागून हे. खरं तर ह्यांना एकदा विचारलं होतं. 'अर्धी नोकरी बर्फात उभा होतो, आता उसात बरं हाय,' म्हणाले. पातळ काचेचे कप दिसले की धुक्यातला व्हरांडा, आणि कुणीतरी अगदी हळू आवाजात चहाची तारीफ करतंय. आमच्याकडं येणारा पाहुणा कप बाजूला सारून बशीतनं फुर्रकन ओढतो, ते सोडा. फिकट जांभळ्या फुलांच्या चादरी दिसल्या की समुद्राकाठची खोली, खिडकीत हलणारा पडदा. मागवायच्या बटणावर बोट कधी टेकायचं ते मला कळायचंसुद्धा नाही. मग पार्सल येईपर्यंतचे चार दिवस मी नुसती तरंगत असायची.

ह्यांच्या नजरेला पडायला नको म्हणून पत्ता दिला शेजारच्या शालूअक्कांचा. त्यांच्या मागच्या खोलीत खोकी साठत गेली. शालूअक्कांनी मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. केवढं समजूतदार माणूस, असं मला वाटायचं.

त्यांना विचारायची गरजच नव्हती, खोक्यावर आतल्या वस्तूचं नाव असायचंच! चाकांच्या बॅगा तीन, चादरींचे जोड, काचेचे कप, काठपदराच्या साड्या, आणि घरात लग्नाची मुलगी. कुणीही काय समजेल? त्यांनी फक्त भाजीवालीच्या कानावर घातलं. भाजीवालीचं माहेर शिराळ्याला. आणि शिराळ्यात कोण राहतं? माझा थोरला भाऊ.

दादा भर दुपारी मोटरसायकलवरून आला आणि उंबऱ्यावरच बसला. पाणी दिलं, घेतलं नाही. मग फरशीकडं बघत म्हणाला, "सुमे, भाचीचं लगीन ठरलं, आन मामाला भाईरनं कळतंय व्हय?"

इथं माझी चूक झाली. 'दादा, त्या वस्तू मी माझ्याच हौसेनं मागवल्यात' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण पन्नाशी उलटलेल्या बाईनं बर्फात जायची स्वप्नं बघत तीन बॅगा घेतल्या, हे सख्ख्या भावाला कसं सांगायचं? मी म्हटलं, "अजून पक्कं नाही. बोलणी चाललीत."

झालं. दादा आत आला, पाणी प्यायला, चहा प्यायला, आणि मुलाची चौकशी सुरू केली. कुठला आहे, कसा आहे? चांगला आहे, म्हटलं. करतो काय? आता आली का पंचाईत!  दारासमोर पार्सलवाला टेम्पो लावून शालूअक्कांकडं खोकं नेत होता. मी म्हटलं, "टेम्पो आहे त्याचा."

दादा खूश होऊन गेला. संध्याकाळी रेवती एसटीतून उतरून धावतच घरी आली. डोळे रडून लाल. माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तुला निखिलचं कुणी सांगितलं?"

कोण निखिल?

तर मामानं फाट्यावर गाडी थांबवून भाचीला फोन केला होता. आईला टेम्पोवाला पसंत आहे, आता लाजू नको, म्हणून. आणि कोरेगावच्या ह्या निखिलचे खरोखरच दोन टेम्पो होते. दीड वर्ष पोरगी आम्हाला सांगायचं कसं म्हणून झुरत होती. आई आपली एवढी समजूतदार, ती काही न बोलता तयारीला लागली, ह्या आनंदात ती हुंदके देत होती. आणि मी? तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनातल्या मनात जमिनीत शिरत होते.

मागं हे उभे होते. मग मी सगळं सांगून टाकलं.

हे तसेच शेजारी गेले. शालूअक्कांकडून एकेक खोकं उचलून आणलं आणि फौजेत सामानाची तपासणी असावी तसं ओसरीवर रांगेत लावलं. निम्म्याहून जास्त खोकी बंदच होती.

"उघडलीच न्हाईस की गं," हे म्हणाले. "मग मागवलीस कशाला?"

त्याचं उत्तर मला तोवर ठाऊक नव्हतं. बोलता बोलताच सापडलं. म्हटलं, "खोकं येणार असलं की घरात कुणीतरी यायचंय असं वाटतं. उघडलं की कळतं, कुणी आलेलं नाही."

रेवती पुन्हा रडली. आणि हे? दुसऱ्या दिवसापासून दुपारची भाकरी खायला घरी यायला लागले. फारसं बोलत नाहीत, पण बसतात. रेवतीनं मला सांगून ठेवलं, की बोट वळवळलं की आधी मला फोन कर आणि काय घ्यायचंय ते सांग. मी एका कंदिलाचं वर्णन सुरू केलं, त्यातून तिच्या लॅबमधल्या मोठ्या मॅडमच्या तक्रारी निघाल्या, निखिलचा विषय निघाला, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कंदील राहूनच गेला. सगळ्याच दुपारी असं जमत नाही. पण बऱ्याच जमतात.

यथावकाश कोरेगावची माणसं येऊन गेली, सुपारी फुटली. बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी सांगलीला निघाली. नऊवारी, पैठण्या, आहेर! मी पहाटेच न्हाऊन तयार होऊन बसले होते. तर बापलेकीनं मला घरीच ठेवलं. नवरीची आई, आणि बस्त्याला नाही! असं तुम्ही कुठं ऐकलंय?

तिकडं दुकानात विहीणबाईंनी विचारलंच म्हणे, सुमनताई कशा आल्या नाहीत.

हे म्हणाले, "तिचा बस्ता कवाच बांधून झालाय. लगीन मागनं ठरलं."