याडीला दिलेला शब्द

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता डोक्यातून गेल्या. कळंब भागातली ती केबलचोरी मात्र आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

कापूस वेचणीचे दिवस होते. आठवड्याभरात पाच विहिरींवरच्या मोटारींच्या केबल कापून नेल्या. पाण्यावाचून हरभरा वाळायला लागला, शेतकरी ठाण्यात येऊन बसले. "तांड्यावरचेच असतीन," असं जो तो सांगे, पुरावा एकाकडेही नव्हता. मग खबऱ्यानं कळवलं, की माल एका मालवाहू ऑटोतून यवतमाळजवळच्या लोहाऱ्याकडे गेला. ऑटो खरंच जवळच्या बंजारा तांड्यावरचा निघाला. चालवणारा पंचविशीतला पोरगा, घरी विधवा आई आणि बहीण.

दोन दिवस त्याला सकाळी चौकशीला बोलावून संध्याकाळी सोडत होतो. कलमं सांगितली, तुरुंगाची भीती घातली, मग गोडीगुलाबीनं घेतलं. त्याचं एकच, "मले माईत नाही." त्यावर माझे तीन मुद्दे तयार असत. आमचे जुने हवालदार याच भागातले. चहा पिताना म्हणाले, "सायेब, तुमी त्याले समजावून नाही राह्यले, हरवून राह्यले. हरलेला मानूस तोंड कायले उघडीन? त्याच्या मायशी बोला."

तिला काय हाक मारायची तेही त्यांनीच सांगितलं. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात.

तिसऱ्या दिवशी पोराला ठाण्यात बसवून तांड्यावर गेलो. म्हातारी अंगणात तूर पाखडत होती. तिनं खुर्ची पुढे केली, मी ओट्यावर बसलो. म्हटलं, "याडी, चहा पाजतेस का?" तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

चहा झाल्यावर तिनं विचारलं, "खरं बोलला तं पोराले घरी येऊ देसान?"

"तो साक्षीदार राहील. त्याला हात लागणार नाही. माझा शब्द."

हा शब्द पाळणं माझ्या एकट्याच्या हातात नव्हतं. बोलतानाच मला ते ठाऊक होतं.

ती माझ्याबरोबर ठाण्यात आली आणि पोराशी त्यांच्या बोलीत दोनच वाक्यं बोलली. त्यानं सगळं सांगितलं. केबल नेणारे शेतकऱ्यांच्याच गावचे दोघे होते. आपल्या विहिरीवरची जुनी केबल विकायची आहे, असं सांगून त्यांनी ऑटो ठरवला. नंतर पोराला संशय आला, पण भाडी त्याच गावातून मिळत, म्हणून तो गप्प राहिला. दुसऱ्याच दिवशी दोघांना उचललं, एका भंगारवाल्याकडून मुद्देमाल जप्त केला. शेतकऱ्यांनी पेढे आणले.

वरिष्ठांनी कागद पाहिले. "माल ज्याच्या गाडीतून गेला, तो साक्षीदार कसा? आरोपी करा."

तिथं मी भांडायला हवं होतं. त्या पोरापुढे दोन दिवस न थकता बोललो होतो. साहेबांपुढे "जी सर" म्हणून बाहेर आलो. बढतीची यादी निघायची होती, हेही खरंच सांगतो.

पोराला अटक झाली. काही दिवसांनी जामीन मिळाला, पण गावानं त्याला काम देणं बंद केलं. जप्त केलेला ऑटो ठाण्याच्याच आवारात बाभळीखाली गंजत पडला. चार वर्षांनी तो निर्दोष सुटला आणि पुण्याकडे निघून गेला.

आरोपीला बोलतं कसं करावं, हे पुढे मी नव्या पोरांना शिकवलं. मुद्द्यांनी कोणी पटत नाही, माणूस आपला वाटला की पटतं, असं सांगायचो. ते खरंच आहे. पण आपला मानून ज्यानं ऐकलं, त्याच्यासाठी नंतर उभं राहावं लागतं, हे मात्र कधी सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

निवृत्तीनंतर एकदा कळंबच्या बसस्टँडवर ती दिसली. पाठीत वाकली होती. जवळ जाऊन म्हटलं, "याडी, ओळखलं का?"

"ओळखलं."

"पोरगा कसा आहे?"

"बहिनीले फोन करते. माह्यासंग बोलत नाही. म्हन्ते, तूच बोलाले लावलं." तिनं पिशवी उचलली. "मले याडी नोका म्हनू, सायेब. ज्यानं म्हनाव, तो म्हनत नाही."

यवतमाळची एसटी लागली, म्हातारी चढली. मला त्याच गाडीनं जायचं होतं. मी ती सोडली आणि पुढच्या गाडीची वाट पाहत बसलो.